मावशींचं स्टूल

आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या दवाखान्यात आधी कोणी आत जायचं, हे वीस वर्षं मावशी ठरवायच्या. त्या खरं तर तिथे झाडलोट करायच्या. पण दाराशी स्टूल टाकून बसल्या, की येणाऱ्याला आपादमस्तक निरखायच्या. "तुमचा खोकला जुना, तो थांबेल. या बाळाला आधी जाऊ द्या." लोक कुरकुरत, पण ऐकत. डॉक्टर म्हणायचे, "मावशींचा डोळा म्हणजे एक्स-रे. फक्त फिल्म मिळत नाही."

एकदा त्यांनी मला दीड तास थांबवलं. माझं डोकं फिरलं. घरी येऊन सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला: वशिलेबाजी थांबवावी, नंबराचं यंत्र बसवावं. दारोदार फिरून चाळीस सह्या घेतल्या. यंत्र आलं, मावशींचं स्टूल फिनाइलच्या डब्यांशेजारी गेलं.

कॉलेजात मी समाजशास्त्र शिकले होते. एक मत सांगतं, संस्था बदलतात त्या काम सुरळीत व्हावं म्हणून. त्यावर मी निवांत झोपायचे. दुसरं सांगतं, ज्याच्या हाती लेखणी, त्याच्या सोयीचे नियम. त्याच्याकडे मी काणाडोळा केला. तिसरं म्हणतं, नियम बदलला तरी जुनी रीत आतून चालूच राहते. ते मला सोमवारी दिसलं.

सासूबाईंना धाप लागली होती. आमचा नंबर एकोणपन्नास, आत सतरावा. मी शहाण्यासारखी यंत्राकडे बघत बसले. मावशी हातातलं फडकं टाकून धावत आल्या.

"अहो, ओठ बघा की यांचे!" दंडाला धरून त्यांनी सासूबाईंना थेट आत नेलं.

"नंबर काय यांचा?" मागून एक गृहस्थ गरजले.

सासूबाई सावरल्या. मावशींना मात्र कारकुनाने बोलावलं. "तिसरी वेळ ही. उद्यापासून येऊ नका. मी काय करू? लोकांचीच लेखी मागणी आहे." त्याने कागद पुढे सरकवला.

मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "ताई, तुम्ही शिकलेल्या. काय लिहिलंय हो?"

मी वाचलं. 'वशिलेबाजी'पाशी अडखळले.

"कोणी लिहिलंय?"

"मी."

त्यांनी मला निरखलं, अगदी पूर्वीसारखं. मग म्हणाल्या, "तुमचं थांबेल. आधी सासूबाईंना घरी न्या."

आज चौथा दिवस. मावशींना परत घ्या, असा नवा अर्ज घेऊन त्याच दारांवर फिरतेय. सह्या आतापर्यंत नऊ.