पाच वाजताचा अहवाल

मी रक्ततपासणीच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. मुख्य ऑफिस नाशिकला आणि नमुने गोळा करायची केंद्रं ओझर, विंचूर, हरसूल अशी लांबलांब पसरलेली. केंद्रावर पेशंटची नोंद संगणकात झाली की ती आमच्या डेटाबेसमध्ये येऊन पडते. त्या नोंदींवरून रोज कुठल्या केंद्रात किती पेशंट आले, हा अहवाल आपोआप काढणारा प्रोग्राम माझा.

एकदा ठरवून दिलं की आपलं आपण चालणाऱ्या कामाला आमच्यात जॉब म्हणतात. जॉब ढोबळमानाने दोन जातींचे. एक घड्याळ बघून सुटतो. पाच वाजले की पाच वाजले, मग कोणी तयार असो वा नसो. दुसरा आधीचं काम संपल्याची खूण मिळेपर्यंत थांबतो. आमच्या बाबतीत ही खूण म्हणजे केंद्रावरच्या माणसाने ‘दिवस पूर्ण’ हे बटण दाबायचं. मी पहिला निवडला, तोही चांगला विचार करून. माणसं बटण दाबायला विसरतात हा माझा अनुभव, आणि विसरभोळ्यांना फोन करत बसायचा मला मनस्वी कंटाळा. एका सहकाऱ्याने दुसरा प्रकार सुचवला तेव्हा, “मग रोज संध्याकाळी तू फोन लाव,” असं म्हणून मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

हरसूलचा आकडा एरवी सात-आठ असायचा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी शून्य. तिथलं केंद्र एक ताई एकट्या सांभाळतात. बाजाराच्या दिवशी त्या कुलूप लावून बाजाराला जात असणार, असा अर्थ मी काढला आणि मोकळी झाले. मग सगळ्या केंद्रांना मेल पाठवला: पाच वाजेपर्यंत नोंद झाली नाही, तर त्या दिवशी काम झालं नाही असं धरलं जाईल. भाषा कडक होती. मला ती आवडली होती, खोटं कशाला बोलू. त्यानंतर हरसूलला बाजाराच्या दिवशीही वीस-पंचवीसचा आकडा दिसू लागला; मेलचा गुण, असं मी मानलं.

दोन महिन्यांनी प्रयोगशाळा चालवणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी सगळ्या केंद्रांचे वर्षभराचे अहवाल समोर ठेवले आणि बेरीज सगळ्यांत कमी म्हणून हरसूलचं केंद्र बंद करायचं ठरवलं. कागद माझेच होते, त्यामुळे मी मान डोलावली.

त्याच आठवड्यात नमुन्यांच्या गाडीत बसून ताई ऑफिसात आल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. पिशवीतून एक जाडजूड वही काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

“केंद्र बंद करताय म्हणे मॅडम. बाजाराला माझ्याकडं लय माणूस येतं. तुमच्या कागदात इतके दिवस शून्य कसं हाय?”

त्यांनी उघडलेल्या सुरुवातीच्या पानांवर बाजाराच्या प्रत्येक दिवसाला चाळीस-पन्नास नावं होती.

“मग संगणकात का नाही टाकली?”

“टाकली ना. पण शेवटची जीप गेल्यावर. पाड्यावरची माणसं त्या एका दिवशीच खाली येतात. जीप सुटली का मग आठ दिवस नाय. एक नाव संगणकात घालस्तोवर दोघांचं रक्त घेऊन होतं. म्हणून आधी वहीत लिहायचे आन् सहा वाजता बसून सगळं टाकायचे मी.”

माझा जॉब पाचला सुटायचा. नंतर आलेल्या नोंदी त्या दिवसाच्या अहवालात नसायच्या आणि दुसऱ्या दिवशीचा अहवाल मागे वळून बघायचा नाही. रक्ताच्या नळ्या वेळेवर नाशिकला यायच्या, तपासणी व्हायची, पेशंटला निकाल मिळायचा, म्हणून कोणाची तक्रारही नव्हती. मला लाज वाटली. मी त्यांना बसायलासुद्धा सांगितलं नव्हतं.

चहा मागवला. त्या बसल्या असताना मी जॉबचा प्रकार बदलला आणि जुन्या तारखांचे अहवाल पुन्हा काढले. बाजाराच्या दिवसांची शून्यं गेली, खरे आकडे आले. कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. चूक कोणाची तेही सांगितलं. ते रागावले, पण हरसूलचं नाव त्यांनी बंद करायच्या यादीतून काढून टाकलं. मग एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, “हे शेवटचे दोन महिने बाजाराचे आकडे निम्म्यावर कसे आले?”

मी परत येऊन तेच ताईंना विचारलं. केंद्र वाचल्याचं ऐकून त्या नुकत्याच कुठे सैल झाल्या होत्या.

“तुमचा मेल आला ना, तवापासून दोन वाजता रक्त घ्यायचं थांबवते मी. पाचच्या आत नोंदी व्हायला पाहिजे.”

“आणि दोननंतर येणारे?”

“पुढच्या बाजाराला या म्हणते. काही येतात, काही नाय येत.”

“किती जण आले नाहीत?”

“ते कसं सांगू मॅडम? रक्त घेतलं त्याचंच नाव लिहिते मी.” मग वही पिशवीत ठेवत म्हणाल्या, “एक तेवढी ध्यानात हाय. सातवा महिना असंल. डोळे पार पांढरे पडलेले. रक्त तपासायला पायपीट करून आलती.”

“कुठल्या पाड्यावरची?”

“विचारलंच नाय,” त्या म्हणाल्या. “दोन वाजून गेले होते.”