कुत्रं धरणारे तात्या

कुत्रं समोर आलं की तात्या आधी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवायचे. मालकाची विचारपूस त्यानंतर. "बरगडी मोजता आली पायजे, राव," हे ठरलेलं वाक्य.

ओझरच्या पलीकडे आमच्या गावच्या यात्रेत दर वर्षी शिकारी कुत्र्यांची शर्यत असते. शिकार केव्हाच बंद झाली, कुत्री राहिली. मालक शेवटच्या रेघेवर उभा राहून हाक मारतो. पहिल्या रेघेवर, बाभळीखाली, दुसरं कोणीतरी कुत्रं धरून सोडतं. त्या दुसऱ्यावर भरवसा लागतो. आजोबांचं कुत्रं, वडिलांचं, मग माझं, सगळी तात्यांनीच धरली.

शर्यतीच्या दिवशी कुत्र्याला सकाळपासून काही द्यायचं नसतं. हे मला तात्यांनीच शिकवलं. लहानपणी मी चोरून बिस्कीट दिलं, तेव्हा त्यांनी असा कान पिळला की यात्रेतली जिलेबीही गोड लागली नाही.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा कितीतरी वर्षांनी चाकणहून आला, स्वतःचं कुत्रं घेऊन. तात्या नवरदेवाच्या बापासारखे मिरवत होते. मला बरं वाटलं. मी माझ्या कुत्रीची, हरणीची, साखळी त्यांच्या हातात दिली आणि शेवटच्या रेघेकडे गेलो.

हरणी अर्ध्यातच मागे पडली. मुलाचं कुत्रं पहिलं आलं. ती कशीबशी माझ्यापर्यंत पोचली आणि ओकली. दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी होती.

मी तात्यांना गाठलं. वाटलं, निदान 'मी नाही दिली' एवढं तरी म्हणतील.

"हरलं असतं तर पोरगं परत आलं नसतं, भाऊ," ते म्हणाले.

"तात्या, आमच्या आज्याचं कुत्रंबी तुमच्याच हातात व्हतं."



तुम्ही म्हणाल, बक्षिसाच्या एका ढालीसाठी एवढं काय? ढाल गेली खड्ड्यात. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. तात्यांना शिवी देता येईना आणि माफही करता येईना. मी बोलणंच टाकलं. पावसाळ्यात ते गेले. मी दहाव्यालाही गेलो नाही.

यंदा मुलगा काही आला नाही. हरणीला धरायला शेजारचा एकजण उभा राहिला. तिने त्याचे दोन्ही तळवे हुंगले, भाकरी आहे का ते पाहिलं. मग बाभळीच्या बुंध्याशी, तात्या बसायचे तिथे, जाऊन शेपूट हलवत उभी राहिली.

मला तिचा राग आला. साखळी त्या माणसाच्या हातात देऊन मी शेवटच्या रेघेकडे चालू लागलो.