कळण्यातलं मीठ

लग्न होऊन जळगावात आले तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, इथलं जेवण आपल्याला जमणार नाही. मी चिपळूणची, भातावर वाढलेली. इथे दोन्ही वेळा भाकरी, भाजीवर बोटभर तेलाचा तवंग आणि तिखट असं की पहिल्या घासाला कान लाल व्हावेत. सासूबाई धुळ्याकडच्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझं पाणी जोखलं आणि सरळ वाटणी करून टाकली. "भाकर मनी, भात तुना," म्हणाल्या. म्हणजे भाकरी त्या करणार, भात मी. वीस वर्षं ती वाटणी आम्ही मोडली नाही. इतर गोष्टींवरून भांडलो पुष्कळ, पण एकमेकींच्या पातेल्यात कधी डोकावलो नाही.

त्यांची खास भाकरी कळण्याची. ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलेलं करडं पीठ म्हणजे कळणं. तव्यावरची गरम भाकरी, वर मिरचीचा ठेचा, त्यावर कच्च्या तेलाची धार. नवरा ती खायला बसला की समोर मी असले काय नि नसले काय, त्याला सारखंच. मला फार राग यायचा. आता कबूल करायला हरकत नाही, मत्सरच होता तो.

मागच्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. तेरावा झाल्यावर नणंदेने त्यांच्या पाटल्या घालून पाहिल्या, तर त्या तिच्या हातात शिरेनात. माझ्या हातात अलगद गेल्या. मी त्या घातल्या खऱ्या, पण परक्याची वस्तू अंगावर असल्यासारखं अवघडायला व्हायचं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ह्यांनी पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं. "कळण्याची भाकरी करतेस?" म्हणाले. सासूबाईंनी दळून आणलेलं कळणं डब्यात होतंच, अर्ध्याच्या वर. मला वाटलं, त्यात काय मोठंसं. आमच्याकडे तांदळाची भाकरी करतात तशी मी आधणात चांगलं चमचाभर मीठ टाकून उकड काढली, मळली, थापली. दिसायला भाकऱ्या झकास झाल्या. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि बेसिनकडे धावले. खारटढाण! "राहू द्या, पीठ खराब झालंय," मी म्हटलं. ह्यांनी ऐकलं नाही. एक अख्खी भाकरी खाल्ली, दुसरी घेतली, तीही संपवली. मग दोन तांबे पाणी प्यायले आणि कामावर गेले. मी उरलेलं पीठ गल्लीतल्या गायीपुढे ओतलं आणि डबा घासून उन्हात पालथा घातला.

त्यानंतर त्यांनी काही मागितलं नाही. पानावर बसायचे, थोडंसं वाढून घ्यायचे, तेवढं संपवायचे, पण जेवायचे नाहीत. पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडून तो आवळायला लागला. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काही नाही म्हणाले. मी रोज नवं काहीतरी करून बघत होते आणि रोज हरत होते. मला भीती वाटायला लागली होती, हा माणूस हळूहळू माझ्यासमोरच विझत जाईल आणि मी वाढत राहीन.

एका दुपारी स्वयंपाकाच्या मध्यावर गॅस संपला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खानावळ आहे. पत्र्याखाली चार बाकं, आत चुलीशी एक म्हातारी बाई, तिला सगळे अक्का म्हणतात. इतकी वर्षं त्या खानावळीवरून गेले, पण आत पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी भुकेपुढे ताठा चालला नाही. ताटात उडदाचं वरण, ठेचा, कांदा आणि करडी भाकरी आली. दुसऱ्या घासाला माझे डोळे भरले. ठेच्यावर ढकललं असतं, पण ठेच्याला मी अजून बोटही लावलं नव्हतं. ती अगदी आमच्या घरची चव होती. आमच्या घरची, म्हणजे सासूबाईंची. वीस वर्षं नाक मुरडत खाल्लेली भाकरी माझीही झाली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"अक्का, पिठात मीठ किती घालता?" मी विचारलं.

त्यांनी थापता थापता हात थांबवला. "पीठमा? पीठमा मीठ टाकतंस नही, बाई. दयतानाज टाकनं पडस. जवारी, उडीद, मूठभर मीठ, बठ्ठं संगेच दयाले. परत टाकशी ते इख व्हई जाई!"

मी हातातला घास परत ताटात ठेवला. पीठ खराब नव्हतंच. मीठ दळणातच होतं आणि मी वरून आणखी घातलं होतं. सासूबाईंच्या हातचं शेवटचं दळण मी माझ्या हाताने गायीला घातलं होतं.

संध्याकाळी हे घरात आल्या आल्या मी सगळं सांगून टाकलं. चप्पलही काढू दिली नाही.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "पहिल्याच घासाला कळलं, मीठ दोनदा पडलंय. परत आलो तर दारात डबा पालथा."

"मग बोलला का नाहीत? आणि दोन-दोन भाकऱ्या खाल्ल्यात कशाला?"

"आईचं दळण होतं ते," ते म्हणाले. "आणि सांगितलं असतं तर तू जन्मभर जिवाला लावून घेतलं असतंस." मी तिथेच जमिनीवर बसून रडले. सासूबाई गेल्या तेव्हाही इतकी रडले नव्हते.

रविवारी आम्ही दोघं डब्यात ज्वारी-उडीद आणि खड्याच्या मिठाची पिशवी घेऊन गिरणीत गेलो. आधी लोकांचे गहू झाले, कारण कळण्यामागून गहू टाकला तर पीठ खारवतं. मग गिरणीवाल्याने आमचा डबा पुढे ओढला. "मीठ टाका, भाऊ," म्हणाला.

ह्यांनी पिशवीत हात घातला, मूठ भरली, डब्यावर धरली आणि तशीच थांबवली. मग मीठ परत पिशवीत सोडलं.

"आईची मूठ एवढी मोठी नव्हती," ते म्हणाले आणि पिशवी माझ्यापुढे धरली.

मी पाटल्या मागे सारल्या आणि पिशवीत हात घातला.