नको म्हटलेला सत्कार

अन्याय झाला तो माझ्या चुलत बहिणीच्या सात वर्षांच्या मुलीवर. यंदाच्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन आटोपल्या आटोपल्या, गावच्या शाळेच्या पटांगणात. करणारी मी.

मुलगी स्वमग्न आहे. ऑटिझम. यात आईची चूक नाही, बाहेरची बाधा तर बिलकुल नाही, हे मी अंबड तालुक्यात पत्रकं वाटत सांगत फिरते. पत्रकाचा मजकूर माझाच. त्यात ठळक अक्षरांत छापलंय: ‘मोठा आवाज, अचानक झालेला स्पर्श या मुलांना असह्य होऊ शकतो.’

ताईनं तिला शाळेची सवय कशी लावली, मी बघत आले होते. आधी नुसतं गेटापर्यंत. मग व्हरांड्यात. मग वर्गाच्या दाराशी, बाटलीचं झाकण फिरवत. दिवाळीनंतर ती आत, बाकीच्या मुलांत बसायला लागली. आणि मी ठरवलं, मायलेकींचा सत्कार करायचा. आपल्याकडे कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की दुसरं सुचतंय कुठं? शाल, नारळ, हार, माईक.

ताई फोनवर म्हणाली, “सत्कार नको गं बाई. तिला टाळ्या सहन होत न्हाईत.”

“अगं, लोकांना दिसल्याशिवाय कळणार कसं?”

“तू सांग की. तुला बोलायला काय डिझेल लागतं?”

मी हसले आणि लाउडस्पीकरवाल्याला फोन लावला.

सरपंचांनी ताईला शाल घातली, मग मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. टाळ्या. ती किंचाळली, स्वतःच्याच मनगटाला कडकडून चावली, टेबलाखाली शिरली. मी माईक खाली ठेवला नाही. “बघा मंडळी, या मुलांना असा त्रास होतो,” म्हणाले. उदाहरणच सापडलं होतं ना मला! समोर सगळ्यांचे मोबाइल वर. पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, “जांबला नेऊन देवाच्या पायावर घाला तिला, बाधा उतरंल.” मला तिचा राग आला. तिचा!

ताईनं शाल काढून टेबलावर ठेवली, लेकीला उचललं आणि गेली.

व्हिडिओ गावभर फिरला. चावणारी पोरगी आमच्या लेकरांजवळ नको, म्हणत पालक शाळेत गेले. मुख्याध्यापक ताईला म्हणाले, “तक्रारी येऊन राह्यल्यात. थोडे दिवस घरीच ठेवा.” मी कायद्याची कलमं घेऊन तावातावानं ताईकडं गेले, की हे चालणारच नाही.

“कायद्यानं सर घेतील वर्गात,” ताई म्हणाली. “मंग? बाकीचे आपली लेकरं तिच्यापासून उठवून नेतील, त्याला कोणतं कलम? अन् गेट दिसलं की ती कान झाकून माघारी वळती. तुझं भाषण पुरे आता. सकाळी येऊन गप बस आमच्यासंगं.”

म्हणून बसते. गेटासमोरच्या लिंबाखाली. ताई, मी, आणि माझ्याकडं पाठ करून झाकण फिरवणारी ती. काल ती उठून गेटाला हात लावून आली. आतून कुणीतरी ओरडलं, “चावरी आली रे!” ती परत झाडाखाली.

तो शब्द ओरडणाऱ्या त्या लेकराला घरात कुणीतरी व्हिडिओ दाखवूनच शिकवलाय. आईबापांनो, त्या दिवशी पटांगणात तुम्ही होता. नसाल, तरी व्हिडिओ तुमच्यापर्यंत आलाच असेल. आत्ता मोबाइल काढा, तो पुसा. आणि सोमवारी शाळेत जाऊन सरांना तोंडावर सांगा: ती माझ्या लेकराशेजारी बसेल.