भिंतीमागचं फुस्स

लॉन्ड्रीतल्या बायका तिला रिमोट म्हणायच्या. घरी ती रोज रिमोट हरवायची आणि ताई रोज शोधून द्यायची, कधी फ्रिजमधून, कधी बुटातून. ही बातमी कामावर पोचवायचं पुण्यही ताईनंच पदरात पाडून घेतलं होतं. सख्ख्या बहिणी अशा बाबतीत कमी पडत नाहीत.

चौतिसाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी तिला दोन नावं दिली, एडीएचडी आणि ऑटिझम. आई म्हणाली, "माझ्या पोरीला काही एकेकटं म्हणून मिळतच नाही." एका खोलीत दोन भाडेकरू राहायला यावेत तसा तो प्रकार होता. एकाला रोज तीच खुर्ची, तेच ताट, टीव्हीवर तीच मालिका लागायची. दुसरा दहाव्या मिनिटाला उठून कपाट आवरायला घ्यायचा आणि ते अर्धं टाकून तिसरीकडेच निघून जायचा.

टीव्हीवरची ती मालिका लॉन्ड्रीच्या मालकांच्या भाषेतली होती. सासवासुनांची, चारशे भागांची, खाली मराठी अक्षरं येणारी. तिनं प्रत्येक भाग इतक्यांदा पाहिला, की हळूहळू अक्षरं लागेनाशी झाली. मालक मंडळी परक्या मुलखातली. त्यांच्या बोलण्यातलं लॉन्ड्रीत कुणाला ओ की ठो कळत नसे. आपल्याला कळतं हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

शिवाय कानांवर कायम जाडजूड हेडफोन. त्यात गाणं नसायचं, काहीच नसायचं. मशिनांची घरघर तिला सोसत नसे. हेडफोनमधून ती गाळली जायची आणि जवळच्या माणसांचं बोलणं उलट स्वच्छ यायचं. पण ही गंमत तिच्याशिवाय कुणाला ठाऊक? मालकाच्या भाच्याला आणि त्यांच्याच मुलखातल्या मुकादमाला काही खासगी बोलायचं असलं, की ते खांबाच्या आडोशाला जावं तसे तिच्या टेबलामागे येऊन उभे राहायचे.

त्या मंगळवारी सकाळपासून तिच्या चादरींच्या घड्या वाकड्या येत होत्या. भिंतीपलीकडे बॉयलर होता. वाफ जास्त झाली की त्याचा व्हॉल्व्ह उघडायचा आणि दर वीस मिनिटांनी फुस्स व्हायचं. तो आवाज तिला आवडत नसे, पण त्याची वेळ पाठ होती. आज दीड तास झाला तरी भिंत गप्प होती.

तेवढ्यात दोघं टेबलामागे आले. मुकादम घोगऱ्या आवाजात, त्या लोकांच्या भाषेत म्हणाला, "व्हॉल्व्ह तारेनं आवळून टाकलाय. गुरुवारचा हॉटेलचा माल निघेपर्यंत बॉयलर दम धरेल."

"आणि नाही धरला तर?"

मुकादम खोकला. "भिंतीला लागून रोलरवरच्या बायकाच असतात."

इस्त्रीच्या त्या रोलरवर ताई होती.

रिमोट घडी टाकून तिच्याकडे गेली. ताईनं सगळं ऐकलं, पण रोलर थांबवला नाही. गेल्याच महिन्यात गॅस चालू राहिला म्हणून हिनं तिला तीनदा अर्ध्या रस्त्यातून घरी पळवलं होतं, आणि तिन्ही वेळा गॅस बंद निघाला होता.

"आता बॉयलर का?" ताई म्हणाली. "आणि त्यांची भाषा तुला कुठून यायला लागली गं?"

"मालिकेतून."

शेजारची बाई इतकी हसली, की तिच्या हातातली चादर सुटली.

पटवून देणं रिमोटला कधीच जमलं नव्हतं. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवणं मात्र जमायचं; त्यापायी लहानपणी घरात कितीदा बोलणी खाल्ली होती. ती जाऊन त्या दोघांसमोर उभी राहिली, हेडफोन गळ्यात घेतले, नजर भाच्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर ठेवली आणि सुरू केलं. मुकादमाचं बोलणं मुकादमाच्या आवाजात, भाच्याचं भाच्याच्या. मधला खोकलासुद्धा सोडला नाही.

शब्द कुणालाच कळले नाहीत. चेहरे मात्र सगळ्यांना कळले. मुकादम धुतल्या चादरीसारखा पांढरा पडला. रिमोटला ते दिसलं नाही, ती बटणाकडे पाहत होती. ताईला दिसलं. तिनं रोलर बंद केला आणि आवाज न चढवता म्हणाली, "चला गं, सगळ्या बाहेर."

मुकादम बॉयलरच्या खोलीकडे पळाला. बायका आवारात, भिंतीपासून लांब, फाटकाजवळ ओल्या हातांनी उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं भिंतीमागून फुस्स झालं, लांबलचक, थांबायचं नाव न घेणारं. ताईनं रिमोटचा दंड घट्ट धरला होता. एरवी अंगाला हात लावलेला तिला खपत नसे. आज तिनं तो सोडवून घेतला नाही.

मग भाचा बाहेर आला. रागावलेला वगैरे नव्हता. जवळ येऊन फाटकाकडे पाठ करून उभा राहिला आणि आपल्या भाषेत, अगदी हळू म्हणाला, "दोन वर्षं आम्ही तुझ्या टेबलामागे उभे राहून बोलतोय. काय काय ऐकलंस?"

"काय म्हणतोय तो?" ताईनं विचारलं.

मालिकेत ‘काय काय ऐकलंस’ हा प्रश्न ज्याला ज्याला विचारला गेला, तो पुढच्या भागात दिसला नव्हता. रिमोटला ते पक्कं आठवत होतं. मालिकेतल्या सुना अशा वेळी बेमालूम खोटं बोलायच्या. तेवढं एक तिला चारशे भागांत शिकता आलं नव्हतं.

"सगळं," ती त्याच्याच भाषेत म्हणाली, आणि दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या दिवसापासून क्रमानं सांगायला लागली.

भाचा शांतपणे ऐकत राहिला. ऐकता ऐकताच त्यानं हात मागे नेला आणि आवाराचं फाटक ओढून घेतलं.