तिच्यावर राज्य

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शाळेत दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांना समजावून माझा घसा बसायचा. घरी आल्यावर स्वतःच्या लेकीला समजवायला आवाजच उरत नसे. चहाचा कप घेऊन पायरीवर टेकायचं आणि कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीतली लपाछपी बघायची, एवढंच त्राण असायचं.

समोरच्या जैन घरातली मुलगी माझ्या लेकीची जिवाभावाची मैत्रीण. त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. खेळ रंगात आला की तिची आई हाक मारायची आणि ही लपल्या जागेवरून उठून थेट पानावर. इकडे माझी लेक अंधार पडेपर्यंत तिला शोधत फिरायची.

"पळपुटी हाय ती," लेक रडत यायची. "राज्य येईल म्हणून घरी जाती."

पहिलीतल्या पोरीला दुसरं कारण सुचणार तरी कुठून? मी सांगून सांगून थकले आणि नाद सोडला.

तिसरीत गेल्यावर तिचं तिलाच उमगलं, मैत्रीण मुद्दाम जात नाही, तिला जावंच लागतं. मग हिला असा कळवळा आला की गल्लीभर जाहीर करून टाकलं, "आजपासनं ही लिंबूटिंबू. हिच्यावर राज्य न्हाय!"

सुटले बाई एकदाची, असं मला वाटलं. पण ती मुलगी नावापुरती लपायची, तिला शोधायला कुणी जायचंच नाही. हळूहळू ती यायची बंद झाली.

लेक माझ्यावरच उखडली. "मी चांगलंच केलं की! तरी का येत न्हाय ती?"

"तिलाच जाऊन विचार. माझं डोकं खाऊ नकोस."

विचारून आली आणि पायरीवर माझ्या शेजारी टेकली. "मी काय बारकी हाय व्हय, म्हणाली ती."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लेकीनं दारातूनच दप्तर आत भिरकावलं.

"अगं, दूध तरी पी!"

"मागनं!"

ऊन अजून भिंतींवर होतं. तिनं सगळी पोरं गोळा केली, मैत्रिणीला हाताला धरून ओढत आणलं आणि ओरडली, "पहिलं राज्य तुझ्यावर!"

राज्य आलं की पोरं तोंड वाकडं करतात. ही मात्र भिंतीला कपाळ टेकून, डोळे झाकून, गल्ली दणाणेल अशा आवाजात आकडे म्हणत होती, आणि हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. माझं डोकं ठणकत होतं, पण हळू बोल म्हणायला जीभ उचलली नाही.