रांगेचं उजवं टोक

वेंडेल हॉकसला डाव्या कानाने काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, आणि अमेरिकन फुटबॉल संघाच्या वैद्यकीय फॉर्मवर त्याने ते लिहिलं नव्हतं. ‘ऐकण्याचा काही त्रास?’ या प्रश्नापुढे मे महिन्यात त्याने ‘नाही’वर खूण केली आणि तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला. सात वर्षांचा असताना मेंदूज्वर झाला, त्यात तो कान गेला. जीव वाचला यावरच घरचे खूश होते. साउथ डकोटातल्या दोन हजार वस्तीच्या त्यांच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि लोक आपसूकच त्याच्या उजव्या हाताला उभे राहायचे. कॉलेजच्या कोचलाही माहीत होतं. त्यांनी चारही वर्षं त्याला रांगेच्या डाव्या टोकाला उभं केलं आणि तो विषय तिथेच मिटला.

वेंडेलची जागा टाइट एंडची, आणि ते काम मुळातच विचित्र. समोरच्या संघाला भिडणाऱ्या रांगेच्या टोकाला उभं राहायचं. अर्धा वेळ चेंडू फेकणाऱ्यावर धावून जाणाऱ्या समोरच्याला पहिलवानासारखं थोपवायचं आणि अर्धा वेळ पळत सुटून झेल घ्यायचा. कधी काय करायचं हे आधी ठरलेलं असतं खरं, पण समोरच्यांची मांडणी पाहून रांगेच्या मधोमध मागे उभा राहून खेळ चालवणारा आणि चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक ऐनवेळी एक शब्द ओरडतो आणि सगळा खेळ बदलतो. तो शब्द ज्याच्या कानावर पडला नाही तो जुन्याच खेळात पळत राहतो. डाव्या टोकाला उभं राहिलं की वेंडेलचा चांगला कान क्वार्टरबॅककडे असायचा. उजव्या टोकाला गेलं की तिकडे असायचा मेलेला कान, आणि शिरस्त्राण घालून त्या गलक्यात चांगल्या कानापर्यंत तो शब्द पोचायचा नाही.

व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत तीन दिवस खेळाडूंची नावं पुकारली गेली, त्यात त्याचं नव्हतं. नंतर एका संघाचा फोन आला, की ऑगस्टच्या सराव शिबिराला ये, पुढचं पुढे. शिबिराला नव्वद जण येतात, त्रेपन्न राहतात. टाइट एंड पाच आले होते, राहणार होते तीन. असा पोरगा स्वतःहून सांगेल का, की साहेब, माझा एक कान बाद आहे? वेंडेलने नाही सांगितलं. मी त्याला शहाणा म्हणणार नाही, पण त्याच्या जागी मी काय केलं असतं तेही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मग सुरू झाली लपवाछपवी. बैठकीच्या खोलीत तो अर्धा तास आधी जाऊन डाव्या भिंतीला लागून असलेली खुर्ची धरायचा, म्हणजे सगळं जग उजवीकडे. कोच व्हिट्कम यांना वाटलं, पोरगा अभ्यासू आहे. जेवणाच्या हॉलमध्येही तो भिंतच पकडायचा. वसतिगृहात त्याच्या खोलीत मायलो रेंझ होता, ओहायोचा, संघाचा तिसरा क्वार्टरबॅक. दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळणारा आणि झोपेत ट्रक चढावर घातल्यासारखा घोरणारा. वेंडेल उजवा कान उशीत दाबून झोपायचा, त्यामुळे त्याला त्या घोरण्याचा पत्ताच नसायचा. मायलो सगळ्यांना सांगत सुटला, की आयुष्यात पहिल्यांदा एक सभ्य खोलीमित्र मिळालाय, एका शब्दाने तक्रार करत नाही. दोघांचं छान जमलं. मायलोलाही माहीत होतं की हा संघ त्याला ठेवणार नाही, पण सराव सामन्यांच्या फिल्म सगळ्या संघांकडे जातात. कुणाच्या तरी डोळ्यांत भरावं एवढीच त्याची आशा.

सरावात कोच सगळ्यांना दोन्ही टोकांना उभं करायचे. उजवीकडे गेलं की वेंडेल फक्त चेंडूकडे बघायचा. चेंडू हलला की हा हलला. एवढ्यावर भागायचं, पण बदललेल्या खेळावर उपाय नव्हता. दुसऱ्या आठवड्यात तो एकदा चुकीच्या दिशेने दोन पावलं गेला आणि लक्षात येताच पाय घसरल्याचं सोंग करून गवतावर सपशेल आडवा झाला. पोरं हसली.

आणि मग जे झालं त्याला नशिबाची थट्टा म्हणायचं नाहीतर काय. समोरच्यांना फसवण्यासाठी क्वार्टरबॅक कधीकधी मुद्दाम जोरात ओरडतो, पण चेंडू हलवत नाही. त्या ओरडण्याने स्वतःच्याच बाजूचा कुणी दचकून आधी हलला तर संघाला पाच यार्ड मागे सरण्याचा दंड बसतो. एके दिवशी व्हिट्कम यांनी तासभर हाच खेळ केला. एकेक करून सगळे हलले, अकरा हंगाम खेळलेला एल्जिन प्रूइटसुद्धा हलला. उजव्या टोकाचा वेंडेल तेवढा ढिम्म. संध्याकाळी बैठकीच्या खोलीत कोचनी ती फिल्म लावली आणि त्याच्यावर बोट ठेवलं. “हा बघा. ह्याला म्हणतात डोकं थंड असणं. कानाशी तोफ उडवा, हा हलणार नाही.” शेवटच्या सराव सामन्यात वेंडेल पूर्णवेळ उजव्या टोकाला खेळेल, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या.

त्याने आईला फोन लावला. आर्डिस हॉकस शाळेची बस चालवायची आणि घोळवून बोलणं तिला कधी जमलं नाही. बस धूत असताना तिने सगळं ऐकून घेतलं.

“सांगून टाक,” ती म्हणाली.

“आई, हाकलून देतील गं.”

“देतील नाहीतर ठेवतील. पण तू चूक केलीस तर मार दुसऱ्याला बसणार आहे, एवढं डोक्यात ठेव.”

दुसऱ्या दिवशी तो खरंच व्हिट्कम यांच्या दारापर्यंत गेला. आतून एक पोरगा खांद्यावर बॅग घेऊन बाहेर पडत होता, डोळे लाल. काढलं होतं त्याला. वेंडेल तसाच वळला आणि पाणी प्यायला गेल्यासारखं करून निघून आला.

शेवटी त्याने सांगितलं ते प्रूइटला. प्रूइट उजव्या टोकाला अगदी त्याच्या शेजारी खेळायचा. नव्यांनी जुन्यांची सेवा करायची ही तिथली रीत, आणि प्रूइटचं शिरस्त्राण उचलायचं, शनिवारी त्याला डोनट आणून द्यायचे हे काम वेंडेलकडे होतं. डोनटचा खोका पुढे करतानाच त्याने एका दमात सगळं ओकून टाकलं. प्रूइट आधी भडकला.

“म्हणजे तू चुकलास की तो दोनशे ऐंशी पौंडांचा माणूस मोकाट आत येणार, आणि मला हे आज कळतंय?”

“हो.”

प्रूइटने एक अख्खा डोनट संपवला. मग म्हणाला, “मी शेजारी असेन तोवर तुला कळेल. खेळ बदलला की मी तुझ्या मांडीला हात लावेन. पण कोचला तू सांगायचंस. माझ्याकडून काही बाहेर पडणार नाही, तुझं तू बघ.”

वेंडेलच्या जिवात जीव आला. इतका आला, की सराव सामन्यात मुरलेल्या खेळाडूंना पाच-दहा मिनिटं खेळवून टोपी घालून कडेला बसवतात, ही तिथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट तो साफ विसरला. बहुधा प्रूइटही डोनटच्या नादात विसरला असावा. हंगाम सुरू होण्याआधी म्हाताऱ्या गुडघ्यांची नासाडी कोण करणार?

सामन्यात पहिल्या काही खेळींत मांडीवर दोनदा हात पडला आणि दोन्ही वेळा वेंडेलने आपला माणूस असा थोपवला की व्हिट्कम कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग शिट्टी झाली, मुख्य क्वार्टरबॅक बाहेर गेला आणि त्याच्याबरोबर प्रूइटही. वेंडेल बघतच राहिला. शेजारी आला एक नवखा पोरगा, स्वतःच घामाघूम झालेला. क्वार्टरबॅक म्हणून आला मायलो.

मायलोने सगळ्यांना घोळक्यात घेतलं. त्याचा आवाज उत्साहाने कापत होता. आता बोलायला हवं, हे वेंडेलला कळत होतं. एक वाक्य पुरलं असतं: बदललं तर मला हात लावा. त्याने तोंड उघडलं. समोर आठ-दहा चेहरे, प्रत्येकाची नोकरी त्या दिवसावर अडकलेली, आणि कडेला व्हिट्कम. त्याने तोंड मिटलं.

अर्धा तास काही झालं नाही. मायलो झकास खेळत होता. एक चेंडू त्याने वेंडेललाच फेकला आणि वेंडेलने तो हवेतल्या हवेत ओढून घेतला. अर्ध्या रिकाम्या मैदानावर लोक उठून उभे राहिले. निभावलं, असं वेंडेलला वाटायला लागलं.

पुढच्या खेळीत ठरल्याप्रमाणे त्याला पळत सुटायचं होतं. चेंडू हलला, तो सुटला. सात-आठ पावलांवर वळून हात वर केले तर चेंडू येईना. मागे पाहिलं तेव्हा मायलो गवतावर एका कुशीवर पडला होता, आणि ज्याला वेंडेलने थोपवायला हवं होतं तो त्याच्या अंगावरून उठत होता.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. मायलोला गाडीवर बसवून नेताना वेंडेलने कडेला बघितलं. प्रूइट टोपीखालून त्याच्याकडेच पाहत होता. मग त्याने मान फिरवली.

मंगळवारी यादी लागली. वेंडेल हॉकस संघात होता. त्याने नाव तीनदा वाचलं. आनंद होईल म्हणून वाट पाहिली, पण तो झाला नाही. सामान काढायला तो वसतिगृहात गेला तर मायलो पलंगावर बसून एका हाताने बॅग भरायचा प्रयत्न करत होता. हाड जुळलं की त्याला मोकळं करणार, हे त्याला सांगून झालं होतं.

“अभिनंदन, लेका,” मायलो म्हणाला. “आणि सॉरी रे. मी उशिरा ओरडलो ना?”

“कोण म्हणालं?”

“व्हिट्कम. फिल्म पाहून म्हणाले, हॉकस कधी चुकत नाही, म्हणजे शब्दच उशिरा आला असणार. फिल्मला आवाज कुठे असतो? बाकीच्यांचं काम दोन्ही खेळांत तेच होतं, त्यांच्यावरूनही काही कळत नाही. माझ्यावरच्या शेऱ्यात तसंच लिहिलंय.” तो सदऱ्याची बाही घडीत बसवत होता आणि ती परत परत सुटत होती. “मला तर वाटलं होतं, वेळेवर ओरडलो. पण असेल. दुसरा कुठला संघ आता ते वाचेल आणि पुढची फाईल उघडेल.”

वेंडेलने त्याच्या हातून सदरा घेतला, घडी घातली, बॅगेत ठेवला. त्याला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. मग तो जिना उतरला आणि अंगण ओलांडून व्हिट्कम यांच्या खोलीत गेला. या वेळी दारात थांबला नाही, कारण थांबलो की वळणार हे त्याला माहीत होतं.

“कोच, मायलो उशिरा ओरडला नव्हता,” तो म्हणाला. “मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. सात वर्षांचा होतो तेव्हापासून.”

व्हिट्कम यांनी पेन खाली ठेवलं. फॉर्मवर काय लिहिलं होतंस, असं विचारलं. त्याने सांगितलं. त्यांनी ती फिल्म पुन्हा लावली, पाहिली, मायलोच्या शेऱ्यातली ओळ खोडली आणि खाली काहीतरी लिहिलं. मग एक फोन केला, त्यात मायलोचं नाव दोनदा घेतलं. वेंडेल उभाच होता.

“पोराचं हाड मोडलंय,” फोन ठेवून ते म्हणाले. “आता मी तुला ठेवू शकत नाही, हे कळतंय ना?”

“हो, कोच.”

“मे महिन्यात सांगितलं असतंस तर तुला डावीकडे उभं केलं असतं. मला डावीकडेच माणूस हवा होता.” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “उजवीकडे आम्ही तुला घातलं ते फक्त तू हलत नाहीस म्हणून.”